गाडीचे दिवे, दुरुस्ती आणि रूप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मेकॅनिक नाही, पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे. गाड्यांचं वेड मात्र शाळेपासूनचं. घरी दोन गाड्या आहेत: वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आणि रोज ऑफिसला न्यायची एक अलीकडची हॅचबॅक. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडं दिसलं की शेजारीपाजारी चहाचा कप हातात घेऊनच येतात आणि प्रश्न सुरू होतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे लिहून ठेवलेत. मतं माझी आहेत आणि काही बाबतींत मी हट्टी आहे.

हेडलाइटचा उजेड कमी पडतोय. जास्त वॉटचे बल्ब टाकू का?

आधी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) आणा. बल्ब नंतर.

साध्या हॅलोजनच्या बऱ्याच गाड्यांत एच-४ बल्ब असतो, अप्परला (लांबच्या झोताला) ६० वॉट आणि डिपरला (खाली झुकलेल्या झोताला) ५५. बल्ब नवा घातला तरी वायरिंग जुनंच राहतं. बॅटरीपासून स्विच, तिथून डिपरचा दांडा, मग फ्यूज बॉक्स, मग पुढे बल्ब, असा लांबचा वळसा घालून करंट जातो आणि वाटेतला प्रत्येक गंजका जोड आपला वाटा कापून घेतो. आमच्या पद्मिनीत इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि बल्बच्या सॉकेटवर १२.१. पावणेदोन व्होल्टनं काय बिघडतं, असं वाटेल. पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. म्हणजे माझा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उजेड वायरिंगच खात होतं.

उपाय रिलेचा, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा. बॅटरीवरून फ्यूज टाकून जाड वायर थेट हेडलाइटपर्यंत न्यायची, मध्ये दोन रिले बसवायचे, एक अप्परला, एक डिपरला. जुन्या स्विचने फक्त रिले उचलायचा. अर्थही (करंटचा बॅटरीच्या मायनसकडे परतीचा रस्ता) जाड वायरने द्यायचा, ते लोक विसरतात. हे केल्यावर त्याच ६०/५५ च्या बल्बने रस्ता असा उजळला की बायको म्हणाली, "नवे बल्ब टाकलेस ना?"

१००/९० वॉटचे बल्ब मी कुणालाही सुचवत नाही. अप्परला दोन्ही मिळून सोळा-सतरा अँपिअर करंट त्या बिचाऱ्या स्विचमधून जातो. आधी सॉकेटचं प्लास्टिक करपतं, मग रिफ्लेक्टरची चकाकी जाते आणि एक दिवस घाटातच स्विच वितळतो. शिवाय ते नियमातही बसत नाहीत.

मग एलईडी बल्ब टाकले तर? वॉट कमी, उजेड जास्त.

हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये? नको. या विषयावर माझी मेव्हण्याशी दोनदा वादावादी झाली आहे, तिसरीही होईल.

एच-४ बल्ब हातात घेऊन नीट बघा, काचेला बोट न लावता. आत दोन फिलामेंट दिसतील. पुढच्या, म्हणजे डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. सगळी करामत त्या वाटीत आहे. रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडला तर तो उलटून वर, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. वाटी तो उजेड अडवते. तिची एक कड १५ अंशांनी उतरती असते, त्यामुळे भिंतीवर उजेडाची रेघ डावीकडे वर चढलेली दिसते. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डाव्या कडेचा सायकलवाला आणि मैलाचा दगड लांबून दिसावा, उजवीकडून येणाऱ्याला मात्र त्रास होऊ नये, हा हेतू.

आता त्या जागी एलईडीची कांडी खोचली की काय होतं? चिप दोन सपाट बाजूंना चिकटवलेल्या असतात, मधे धातूची जाडी असते. फिलामेंट जिथे असायचं तिथे उजेडाचा उगम नेमका बसतच नाही. रिफ्लेक्टर हा हिशेबाने वाकवलेला आरसा आहे. उगम एक-दोन मिलिमीटर सरकला तरी पलीकडे उजेडाचा पसारा होतो. बंपरपुढचे दहा मीटर लख्ख दिसतात, मालक खूश होतो, आणि त्या लख्ख पट्ट्याला सरावलेल्या डोळ्यांना साठ मीटरवरची म्हैस दिसत नाही.

कंपनीतूनच एलईडी आलेल्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. तिथे लेन्स, रिफ्लेक्टर आणि चिप एकमेकांसाठीच घडवलेल्या असतात. तो उजेड मला आवडतो. माझा राग फक्त खोचाखोचीवर आहे.

एक पोटप्रश्न येतोच: "परदेशातून भारी हेडलाइट मागवली तर?" ती डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशाची आहे ना, एवढं तपासा. जर्मनीतल्या रस्त्यासाठीची हेडलाइट उजवीकडे वर चढते, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर.

समोरून येणाऱ्यांचे दिवे डोळ्यांत जातात. रात्रीचा पिवळा चष्मा घ्यावा का?

नको. चष्मा येणारा उजेड कमीच करतो आणि रात्री तो आधीच कमी असतो. त्याऐवजी पुढची काच आतून पुसा. बाहेरून सगळे पुसतात. आतून एसी, श्वास आणि डॅशबोर्डच्या प्लास्टिकचा मिळून एक तेलकट थर बसतो आणि समोरचा प्रत्येक दिवा त्यात फुलतो. समोरून गाडी आली की नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा.

हायवेच्या दुभाजकावर कण्हेर का लावतात, हे लहानपणी मला कोडं होतं. शोभेसाठी, असं वाटायचं. ती दाट झुडपं पलीकडच्या गाड्यांचे दिवे अडवतात, धुराला दाद देत नाहीत आणि विषारी असल्यामुळे गुरं तोंड लावत नाहीत. पूर्वी हेडलाइटच्या काचेचा वरचा भाग काळ्या रंगाने रंगवलेला असायचा, किंवा मधोमध काळा ठिपका असायचा, तेही याचसाठी. आता ते दिसत नाही. कण्हेर तेवढी उरली आहे.

डॅशबोर्डवर ० ते ३ आकडे असलेलं छोटं चाक कशाचं?

हेडलाइट खाली-वर करायचं. मागे तीन माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या भरल्या की गाडीचं नाक वर होतं आणि तुमचा डिपर समोरच्याचा अप्पर होतो. एकटे असाल तर ०, गाडी भरली की आकडा वाढवा. निम्म्या लोकांनी ते चाक कधी फिरवलेलंच नसतं, हा माझा पार्किंगमधला अनुभव.

चाक नसेल तर स्क्रूने सेट करता येतं. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी लावा, टायरमध्ये हवा बरोबर भरा, डिपर लावा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखा. उजेडाची सपाट कड त्या रेघेच्या साधारण दहा सेंटीमीटर खाली आली पाहिजे.

पावसात आणि धुक्यात पिवळा उजेड बरा की पांढरा?

पिवळा उजेड धुकं भेदून जातो, असं सगळे सांगतात. खरं सांगायचं तर धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात. पिवळ्यात निळा भाग नसल्यामुळे डोळ्यांना तो कमी बोचतो, इतकाच फायदा. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळ्याच असायच्या. पुढे युरोपच्या नियमांशी जुळवून घेताना ती सक्ती गेली.

धुक्यात कामाला येते ती दिव्याची जागा. फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली असतो, उजेड रुंद आणि चपटा टाकतो आणि त्याची वरची कड ठळक कापलेली असते, त्यामुळे धुक्याची भिंत उजळत नाही. जुलैत आंबोलीच्या घाटात एकदा अप्पर लावून बघा. समोर पांढरी चादर टांगल्यासारखं होतं. डिपर आणि फॉग लॅम्प लावा, डाव्या बाजूची पांढरी पट्टी धरा, वेग उतरवा.

पावसाळी डांबराचं मात्र वेगळं आहे. ओला काळा रस्ता उजेड पुढे परावर्तित करून टाकतो, तुमच्याकडे थोडाच परत येतो. तिथे साधारण ३२०० केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगछटेचं माप) हॅलोजनपुढे ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड मला तरी फिका वाटतो.

आणि कृपा करून चालत्या गाडीला पावसात हॅझर्ड लावू नका. चारही इंडिकेटर मिचमिचत असताना तुम्ही लेन बदलणार आहात का उभे आहात, मागच्याला कसं कळणार? एक्स्प्रेसवेवर पहिली सर आली की अर्ध्या गाड्या दिवाळी सुरू करतात. त्यासाठी मागे लाल फॉग लॅम्प असतो. धुकं सरलं की तोही बंद करायचा.

हेडलाइटची काच पिवळट, धुरकट झाली आहे. टूथपेस्ट लावू?

लावा, आठवडाभर बरी दिसेल. ती काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं. त्यावर उन्हापासून वाचवणारा एक पातळ थर दिलेला असतो, तो उन्हाने मरतो आणि खालचं प्लास्टिक पिवळं पडतं. टूथपेस्ट फक्त वरचा मळ घासते.

नीट करायचं तर आजूबाजूच्या पत्र्याला टेप लावून पाण्याचा कागद (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) मारायचा: ८००, मग १०००, १५००, २०००, शेवटी ३०००. दर नंबरला घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या का ते कळतं. मधे एक वेळ अशी येते की काच दुधासारखी पांढरी होते आणि पोटात गोळा येतो. घाबरू नका, ती पॉलिशने उघडते. नंतर ऊन अडवणारा क्लिअर कोट मारायचा. हा शेवटचा टप्पा गाळलात तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मीच भेटेन. पद्मिनीची खरी काच अजून तशीच्या तशी आहे. तिचा त्रास वेगळा: आतल्या रिफ्लेक्टरची चकाकी जाते, आणि त्याला घासून काही होत नाही.

हेडलाइटच्या आत बाष्प धरतं. बदलावी लागेल?

बारीक दव असेल आणि दिवे लावून वीस मिनिटांत जात असेल तर काही करू नका. हेडलाइटला हवा खेळायला भोकं असतात, थंडीत असं होणारच. तळाशी पाणी डुचमळत असेल तर मात्र कुठेतरी सील गेलं आहे. आमच्या हॅचबॅकला पाणी साठलं तेव्हा एका गॅरेजने अख्खी हेडलाइट बदलायला सांगितली. घरी येऊन मागून हात घातला तर बल्बमागची रबरी टोपी तिरकी बसलेली. दोन महिन्यांपूर्वी बल्ब मीच बदलला होता. टोपी सरळ केली, हेडलाइट एक दिवस उन्हात ठेवली, काम संपलं.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा पार्किंग लाइटही मिचमिचतो. भुताटकी आहे का?

अर्थ गेला आहे. माझा सगळ्यात आवडता बिघाड, कारण दिसतो भयंकर आणि निघतो फुकटात.

गाडीत प्लसची वायर प्रत्येक दिव्यापर्यंत जाते, मायनस मात्र पत्र्यातून परत येतो. मागच्या दिव्याच्या खोक्यात ब्रेक, पार्किंग, इंडिकेटर या सगळ्यांचा परतीचा रस्ता एकच. तो बंद पडला की करंट दुसरी वाट शोधतो आणि शेजारच्या बल्बमधून उलटा शिरतो. म्हणून ब्रेक दाबला की भलताच दिवा पेटतो.

माझ्याकडे हे कसं झालं ते सांगतो. पद्मिनीचा मागचा पत्रा कुजला होता. मी तो कापून घेतला, लांबी (पुट्टी) भरली, रंग मारला, आणि मोठ्या हौसेने दिव्यामागची जागाही आतून छान रंगवली. दिवे बसवले. ब्रेक दाबला तर डावा इंडिकेटर भुतासारखा मंद. दोन रविवार मी वायरिंगचा नकाशा पसरून बसलो. स्विच बदलला, फ्लॅशर (इंडिकेटर मिचमिचवणारा भाग) बदलला. शेवटी नाना पेठेतले एक म्हातारे इलेक्ट्रिशियन आले. त्यांच्या हातात एकच हत्यार, १२ व्होल्टचा बल्ब आणि त्याला दोन वायरी. एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी दिव्याच्या खोक्याला टेकवली. त्यांचा बल्ब नीट पेटलाच नाही, म्हणजे खोक्याला अर्थच नव्हता. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "रंग झकास लावलायस." मग खिशातल्या पॉलिश पेपरने स्क्रूखालचा माझा रंग रुपयाएवढा खरवडला. झालं. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

तेव्हापासून मी पत्रा रंगवायच्या आधी अर्थच्या जागी टेप लावतो.

एका बाजूचा इंडिकेटर घाईघाईने फडफडतो.

त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे. करंट कमी झाला की फ्लॅशर जोरात चालतो, ती सूचनाच आहे. २१ वॉटच्या जागी एलईडी घातला तरी हेच होतं.

हल्लीच्या गाड्यांच्या दिव्यांचं रूप तुम्हाला आवडतं का?

काहींचं. यावर तासभर बोलू शकतो, आवरतं घेतो.

अमेरिकेत १९४० पासून बरीच वर्षं सात इंची गोल सीलबंद हेडलाइटच सक्तीची होती. डिझायनरला दिव्याचा आकार बदलायची मुभाच नव्हती, म्हणून त्यांनी भोवतीच्या पत्र्यावर जीव लावला. आपल्याकडे पद्मिनी आणि अँबॅसेडरला गोल दिवे होते, आणि दोघींचे चेहरे तरी किती वेगळे! पद्मिनी नीटनेटकी, थोडी चकित झालेली. अँबॅसेडर पोक्त, जेवून बसलेली. गोल दिव्याची मोठी सोय म्हणजे तो कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळायचा.

आता दिवा हाच चेहरा झाला आहे. वर बारीक डीआरएलची (दिवसाही पेटत्या राहणाऱ्या दिव्याची) भुवई आणि खरी हेडलाइट खाली बंपरमध्ये, ही चाल २०१९ मध्ये टाटा हॅरियर आणि एमजी हेक्टर आल्यावर आपल्या रस्त्यांवर रुजली. दिसायला रुबाबदार आहे, समोरच्या छोट्या गाडीच्या आरशात उजेडही कमी जातो. पण बंपर ही ठोकर खायची जागा. आपल्या शहरांत रिक्षाचं चाक आणि पार्किंगचा खांब नेमके त्याच उंचीला भेटतात, आणि पावसाळ्यात चिखल आधी तिथेच बसतो. एवढा महाग भाग तिथे ठेवणं मला पटत नाही. शिवाय चिप गेली तर बऱ्याच हेडलाइट उघडतच नाहीत. एका मण्यासाठी अख्खा हार बदलायचा.

डीआरएलचा एक वाईट परिणाम रोज दिसतो. संध्याकाळी पुढे झगझगीत उजेड आणि डॅशबोर्डही उजळलेला, त्यामुळे दिवे लावलेत असं ड्रायव्हरला वाटतं. मागे सगळा अंधार. बऱ्याच गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे दिवे लागत नाहीत.

मागच्या बाजूची आडवी लाल पट्टी सगळ्यांनाच लागते आहे, त्यामुळे रात्री गाडी ओळखू येत नाही. मला आवडतात ते १९९८ च्या टाटा इंडिकाचे मागच्या काचेलगतच्या खांबावर चढलेले उभे दिवे. मध्ये दोन स्कूटर आल्या तरी त्यांच्या वरून दिसतात. आणि १९९५ मध्ये पिंपरीत जोडली जाऊ लागलेली मर्सिडीजची डब्ल्यू-१२४ आठवा. तिच्या मागच्या दिव्यांना आडव्या पन्हाळी होत्या. अनेकांना ती नक्षी वाटते. पण धूळ आणि चिखल वरच्या कंगोऱ्यांवर बसतो, आतल्या खाचा स्वच्छ राहतात आणि दिवा दिसत राहतो. दिव्याचं रूप असं कामातून आलेलं असलं की मला फार बरं वाटतं.

एलईडीचं कौतुक एका ठिकाणी बिनशर्त करतो: ब्रेक लाइट. फिलामेंट पूर्ण तापायला साधारण ०.२ सेकंद लागतात, एलईडी तत्क्षणी पेटते. ताशी १०० कि.मी. वेगाला ०.२ सेकंद म्हणजे साडेपाच मीटर. एका गाडीपेक्षा जास्त अंतर झालं.

पद्मिनीचे पार्ट अजून मिळतात?

मिळतात, पण हिंडावं लागतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर पार्ट बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक होतं. आता रबर, दिव्यांच्या रिंगा, दरवाजाच्या मुठी दिसतील तेव्हा घेऊन ठेवायच्या. पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार हे माझे दोन अड्डे. जाताना जुना पार्ट बरोबर न्या. तोंडी वर्णनावर दुकानदार जे देईल ते बसत नाही.

दिवे बदलले तर आरटीओ अडवतं का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. त्याच ताकदीचा, त्याच जातीचा बल्ब बदलणं ही दुरुस्ती झाली. छतावर लाइटबार आणि ग्रिलमध्ये लाल-निळे फ्लॅशर लावलेत तर पावती फाडताना मला फोन करू नका.

लांबच्या प्रवासाला डिकीत काय ठेवता?

एच-४ चा एक बल्ब, ब्रेक-पार्किंगचा २१/५ वॉटचा एक (त्याच्या दोन्ही खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, उलटा खुपसू नका), १०, १५ आणि २० अँपिअरचे फ्यूज, हातभर वायर, टेप, पॉलिश पेपरचा तुकडा, डोक्याला लावायचा टॉर्च, आणि आता दोन वायरींचा तो टेस्ट लॅम्पही. शिवाय एक जुनी बनियन. हात पुसायला, काच पुसायला आणि हॅलोजन बल्ब धरायला. बल्ब धरायला मात्र धुतलेली. बोटाचं तेल त्या काचेला लागलं की तिथे ती जास्त तापते आणि नवा बल्ब महिन्याभरात जातो.